टपातली खिडकी आणि टपावरचं ओझं

सप्टेंबर २०२५ मध्ये बेंगळुरूचा एक व्हिडिओ देशभर पाहिला गेला. लाल रंगाची एक एसयूव्ही रस्त्याने चालली आहे आणि तिच्या छतातून एक मुलगा अर्धा बाहेर आला आहे. पुढे उंच वाहनांना अडवण्यासाठी रस्त्यावर आडवी लोखंडी कमान आहे. गाडी कमानीखालून सहज निघून जाते. मुलाचं डोकं मात्र लोखंडावर आदळतं आणि तो आत कोसळतो.

गाडी कमानीखालून जाईल हा हिशेब बरोबरच होता. चालवणाऱ्याच्या मनात गाडीची उंची पक्की बसलेली असते. मोठी एसयूव्ही पावणेदोन मीटरच्या आसपास भरते. तिच्या छतातून वर आलेलं मूल ही उंची अर्ध्या-पाऊण मीटरने वाढवतं आणि वाढलेली उंची कुठल्याच आरशात दिसत नाही. रेल्वेपुलाखालचा रस्ता, गल्लीत लोंबणारी केबल, वडाची पुढे आलेली फांदी, गणपतीच्या मांडवाची कमान, या सगळ्यांपासून चालक गाडीला वाचवतो. वर उभ्या असलेल्या मुलाला वाचवणं त्याच्या हातात राहत नाही.

संक्रांतीच्या दिवसांत यात मांजाची भर पडते. नाशिक-नागपूरकडच्या दुचाकीस्वारांना नायलॉन मांजाचं भय वेगळं सांगायला नको. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्येच त्यावर देशभर बंदी घातली, तरी गळे चिरल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. छतातून बाहेर आलेल्या मुलाची मान तशीच उघडी असते आणि त्याच्या डोक्यावर हेल्मेटही नसतं.

सनरूफ हे मुळात उजेडाचं आणि हवेचं साधन आहे. त्याचा खरा उपयोग करणारे लोक त्यातून कधीच उभे राहत नाहीत. उन्हात तापलेल्या गाडीत बसताना काच मागच्या बाजूने थोडी वर उचलली, की छताशी साठलेली गरम हवा निघून जाते आणि एसीवरचा भार हलका होतो. गाडी चालू असताना तीच उचललेली काच आतली हवा बाहेर खेचते. बाजूच्या खिडकीसारखा वाऱ्याचा झोत तोंडावर येत नाही आणि आवाजही कमी होतो. काच पूर्ण सरकवायची ती कमी वेगात, धूळ नसलेल्या रस्त्यावर. तेव्हाही सगळ्यांनी जागेवर, पट्टा लावून बसलेलं असावं.

बऱ्याच गाड्यांमध्ये बंद होणाऱ्या काचेत काही अडकलं तर ती आपोआप मागे फिरते. आपोआप बंद होणाऱ्या काचांसाठी अमेरिकेच्या नियमात दाबाची मर्यादा १०० न्यूटन आहे, म्हणजे साधारण दहा किलो वजनाचा भार. मोठ्या माणसाचा हात त्यातून सुटेल, पण लहान मुलाच्या बोटाला किंवा मानेला दहा किलो पुष्कळ झाले. शिवाय ही सोय प्रत्येक गाडीत आणि काचेच्या प्रत्येक स्थितीत चालतेच असं नाही. सनरूफचं बटण मुलांच्या हाती देऊ नये, आणि गाडीत मुलं एकटी असतील तर किल्ली आपल्या खिशात असावी.

जोरात ब्रेक लागल्यावर काय होतं, तेही पाहू. कोरड्या डांबरावर चांगली गाडी करकचून थांबते तेव्हा आतल्या प्रत्येक वस्तूला तिच्या वजनाच्या सुमारे ऐंशी टक्के जोराने पुढे ढकललं जातं. पंचवीस किलोचं मूल छताच्या पुढच्या कडेवर वीस किलोच्या जोराने दाबलं जाईल, आणि ही कड त्याच्या पोटाशी किंवा छातीशी असते. ही झाली टक्कर टळल्याची गोष्ट. ताशी ५० किलोमीटरच्या वेगाने भिंतीवर धडकणं म्हणजे जवळपास दहा मीटरवरून, तिसऱ्या मजल्यावरून खाली पडणं. गाडी उलटली तर पट्टा न लावलेला माणूस छताच्या भोकातून बाहेर फेकला जाऊ शकतो. हा धोका ओळखूनच ह्युंदाई मोबिस या कोरियन कंपनीने पॅनोरॅमिक सनरूफसाठी एअरबॅग दाखवली. ती ०.०८ सेकंदात छताचं भोक झाकते.

कायदा याबाबत जुना आहे आणि स्पष्टही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२३ नुसार वाहनाच्या अंगाबाहेर कुणालाही बसवून नेता येत नाही. पायरीवर, टपावर किंवा बॉनेटवर बसून प्रवास करता येत नाही. हे कलम आलं ते वडापच्या जीपमागे लोंबकळणाऱ्या आणि एसटीच्या टपावर बसणाऱ्या माणसांच्या काळात, पण अर्धं शरीर छताबाहेर काढणारा प्रवासीही त्याच्या कक्षेत यायला हवा. कलम १८४ खाली धोकादायक वाहन चालवल्याबद्दल पहिल्या गुन्ह्याला एक ते पाच हजार रुपये दंड किंवा कैद होऊ शकते. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९४-ब नुसार चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्याविना बसवलं तर चालकाला एक हजार रुपये दंड आहे. लग्नाच्या वरातीत नवरा-नवरी छतातून हात हलवत निघतात, मिरवणुकीत मुलं झेंडे घेऊन उभी राहतात. गाडी चालण्याच्या वेगाने सरकते म्हणून सगळे निर्धास्त असतात, पण मिरवणुकीच्या रस्त्यावरच विजेच्या तारा आणि कमानी सर्वांत खाली आलेल्या असतात.

पावसाळ्यात सनरूफची वेगळीच बाजू समोर येते. छताच्या काचेभोवतीचं रबर सगळं पाणी अडवतं असा अनेकांचा समज असतो. थोडं पाणी आत यावं अशीच रचना असते. ते काचेखालच्या पन्हाळीत उतरतं आणि चार कोपऱ्यांतल्या बारीक नळ्यांतून, काचेशेजारच्या खांबांमधून गाडीखाली निघून जातं. झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत पानांचा चुरा आणि धूळ या नळ्यांत बसते. मग जून उजाडला की छताचं कापड ओलं होतं, आतल्या दिव्यातून थेंब गळतात, पायाखालचा गालिचा कुबट वास मारू लागतो. २०२३ च्या सुरुवातीला धबधब्याखाली उभ्या केलेल्या एका स्कॉर्पिओ-एनच्या आत छतातल्या स्पीकरमधून पाणी पडताना दिसलं आणि समाजमाध्यमांवर मोठा गदारोळ झाला. मग कंपनीने तशाच गाडीचा, त्याच धबधब्याखालचा, पाणी आत न येणारा व्हिडिओ प्रसिद्ध केला. या वादातून गाडीवाल्याने घ्यायचं ते एवढंच, की पाण्याखाली जाण्याआधी काच पूर्ण मिटली आहे ना, हे डोळ्यांनी पाहावं. मेअखेरीस काच उघडून पन्हाळ ओल्या फडक्याने पुसावी आणि कोपऱ्यात वाटीभर पाणी ओतून ते चाकांजवळ खाली येतं का ते बघावं. नळीत तार खुपसू नये. नळी निसटली तर ते पाणी छताच्या आतच पडत राहतं.

आता टपावरच्या सामानाकडे वळू. जुन्या एसटीच्या मागे लोखंडी शिडी असे आणि टपावर सामानासाठी कठडा. हमाल ट्रंका, वळकट्या, आंब्याच्या पेट्या वर चढवून दोरखंडाने आवळत. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीवरही कॅरिअर असे; ऑक्टोबर २०२३ मध्ये या टॅक्सी रस्त्यावरून गेल्या. त्या वाहनांचे टप जाड पत्र्याचे आणि वेग बेताचे होते. आजच्या गाडीचा टप पातळ आहे, त्यात निम्मी काच आहे, आणि समृद्धी महामार्गावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे.

दिवाळीनंतर कोकणातून मुंबईकडे परतणाऱ्या गाडीवर नव्या तांदळाची पोती आणि नारळ दिसतात. टपावर किती भार चालेल हे गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. बऱ्याच गाड्यांत हा आकडा ५० ते १०० किलोंच्या दरम्यान असतो आणि त्यात कॅरिअरचं स्वतःचं वजनही धरायचं असतं. मर्यादा ७५ किलो आणि लोखंडी कॅरिअर वीस किलोचा असेल, तर उरले ५५. सिमेंटची एक गोणी ५० किलोची असते, म्हणजे एका गोणीत हिशेब संपला. काही गाड्यांवरच्या चकचकीत पट्ट्या केवळ शोभेच्या असतात, त्यांना दोर बांधला तर त्या उपटून निघतात. पॅनोरॅमिक काच असलेल्या गाडीच्या टपावर सामान ठेवू नका, असं काही कंपन्या पुस्तिकेतच सांगतात. कॅरिअर बसवलेला असेल तर सनरूफ उघडण्याआधी खाली उतरून पाहायला हवं. काही गाड्यांत काच बाहेरून, टपावरून मागे सरकते आणि थेट सामानाला भिडते.

वाऱ्याचा जोर तर बहुतेकांच्या कल्पनेपलीकडचा असतो. ताशी ८० किलोमीटरला वाऱ्यासमोर आडव्या धरलेल्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे ३० किलोचा दाब येतो. १०० ला तो ४७ च्या आसपास जातो, १२० ला ६८. वेग दुप्पट झाला की दाब चौपट. सहा बाय चार फुटांची गादी सव्वादोन चौरस मीटरची असते. तिची पुढची कड सुटून ती उभी राहिली, तर ८० च्या वेगाला दोरावर पासष्ट-सत्तर किलोची ओढ बसते. शेजारच्या माणसाने खिडकीतून हात बाहेर काढून गादी धरून ठेवणं म्हणूनच निरर्थक आहे, आणि त्या हातासाठी घातकही.

बांधणाऱ्यांच्या अनुभवातल्या काही गोष्टी ऐकण्यासारख्या आहेत. जड सामान डिकीत, तळाशी, मागच्या सीटला टेकवून ठेवावं आणि टपावर हलकं तेवढंच न्यावं. वर वजन वाढलं की गाडीचा गुरुत्वमध्य वर सरकतो आणि आंबोलीसारख्या घाटातल्या वळणावर ती नेहमीपेक्षा जास्त कलते. सामानावरून दोन पट्टे आडवे घ्यावेत, आणि ते पुढे सरकू नये म्हणून पुढून एक वेगळा. नायलॉनचा दोर ताणाखाली लांबतो, ओला झाला की आणखी. रॅचेटचा चाप असलेला रुंद पट्टा त्याहून भरवशाचा. सपाट पट्टा वाऱ्यात घुमू लागतो, त्याला मध्ये एक पीळ दिला की आवाज थांबतो. ताडपत्रीची सैल टोकं आत खोचावीत. निघाल्यावर पंधरा-वीस किलोमीटरवर थांबून सगळं पुन्हा आवळावं, कारण सामान तोवर बसलेलं असतं.

रिकामा कॅरिअरही इंधन खातो. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या आकड्यांनुसार टपावरच्या मोठ्या बोजड पेटीमुळे गाडीचं मायलेज शहरात २ ते ८ टक्के आणि वेगवान महामार्गावर १० ते २५ टक्क्यांपर्यंत घटतं. प्रवास झाला की कॅरिअर उतरवून ठेवणं परवडतं.

सळया, पाइप, बांबू नेणाऱ्यांसाठी कलम १९४ मध्ये २०१९ पासून जादा तरतूद आहे. माल वाहनाच्या बाजूला, पुढे, मागे किंवा ठरलेल्या उंचीच्या वर आला तर वीस हजार रुपये दंड होतो, आणि माल उतरवण्याचा खर्चही द्यावा लागतो. रात्री मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला बाहेर आलेली सळई दिसतच नाही, तेव्हा हा दंड जास्त म्हणता येणार नाही.

छतातलं भोक आणि छतावरचं ओझं एकमेकांना भिडतात ते लांबच्या प्रवासाच्या बसमध्ये. बसबांधणीच्या एआयएस-०५२ या नियमावलीत संकटकाळी बाहेर पडण्यासाठी छतातल्या झडपेची तरतूद आहे. बस कुशीवर पडून दार जमिनीखाली दबलं, तर वर उरते ती मागची काच आणि ही झडप. १ जुलै २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस उलटली. ती दाराच्या बाजूवर पडली आणि पेटली. २५ प्रवाशांचा मृत्यू झाला. वाचलेल्यांपैकी काही जण काच फोडून बाहेर आले होते.

अशा बसच्या टपावर पार्सलं आणि खोकी लादून वर ताडपत्री आवळली, तर आतून झडप उघडणारच नाही. सुट्टीसाठी बसने निघालेल्या प्रत्येकाने चढण्याआधी टपावर नजर टाकावी. तिथे माल रचलेला दिसला तर चालकाला हटकावं आणि परिवहन कार्यालयाकडे तक्रार करावी. आत गेल्यावर झडप आणि काच फोडायचा हातोडा कुठे आहे ते पाहावं, आणि सोबतच्या मुलांनाही दाखवावं.