गालाक्सिदी : शिडांच्या व्यापाराचे गाव

ग्रीसला जाणारा प्रवासी बहुधा अथेन्स पाहतो आणि सांतोरिनी बेटाकडे वळतो. कोरिंथच्या आखाताच्या उत्तर किनाऱ्यावरील गालाक्सिदी हे छोटेसे गाव त्याच्या वाटेत क्वचितच येते. व्यापारी कुटुंबांनी मात्र येथे दोन दिवस अवश्य काढावेत. हे गाव व्यापारावर उभे राहिले आणि काळाची पावले वेळीच न ओळखल्यामुळे त्याच व्यापाराला मुकले.

गावाला दोन बंदरे आहेत. त्यांपैकी एकाचे नाव ‘आगोरा’, म्हणजेच बाजार. 1821 च्या स्वातंत्र्ययुद्धात तुर्की आरमाराने गाव जाळून टाकले. गावकऱ्यांनी ते पुन्हा उभारले, जहाजे बांधली आणि एकोणिसाव्या शतकात त्यांची शिडांची गलबते दूरदूरच्या बंदरांत माल वाहू लागली. त्या मिळकतीतून कप्तानांनी बांधलेली दगडी घरे आजही दिमाखात उभी आहेत. सागरी संग्रहालयात त्या जहाजांची चित्रे जपली आहेत, तर खलाशांचा पाठीराखा मानल्या जाणाऱ्या संत निकोलसच्या चर्चमधील लाकडी कोरीवकाम थक्क करणारे आहे.

पुढे वाफेची जहाजे आली. गालाक्सिदीच्या मालकांचा शिडांवरील भरवसा सुटला नाही. विसाव्या शतकाच्या प्रारंभी बंदराची रया गेली. पिढीजात धंद्याचा अभिमान आणि बदलाची निकड यांतील हा पेच कोणत्याही पेढीला अपरिचित नाही.

येथून सुमारे 35 किलोमीटरवर, पार्नासस पर्वताच्या उतारावर डेल्फी आहे. वाटेत दरीभर पसरलेल्या ऑलिव्हच्या बागा वरून हिरव्या समुद्रासारख्या दिसतात. डेल्फीच्या अपोलो मंदिरावर ‘अति काहीही नको’ असे वचन कोरलेले होते. परिग्रहपरिमाण व्रताची शिकवण लाभलेल्या वाचकाला ते परके वाटणार नाही. मंदिराकडे जाणाऱ्या वाटेवर निरनिराळ्या नगरांनी बांधलेल्या कोषागारांचे अवशेष आहेत. त्यांपैकी सिफ्नोस बेटाच्या कोषागाराची कथा दुसऱ्या शतकातील प्रवासी पौसानियास याने नोंदवली आहे. सोन्याच्या खाणींच्या उत्पन्नाचा दहावा भाग हे बेटवासी देवाला अर्पण करीत. पुढे लोभापायी त्यांनी तो देणे बंद केले आणि समुद्राचे पाणी शिरून खाणी बुडाल्या.

आहाराविषयी थोडी दक्षता हवी. ‘निस्तीसिमो’ म्हणजे ख्रिस्ती उपवासाचे पदार्थ. त्यांत मांस, अंडी व दूध नसते; परंतु कालवे, आठपायी यांसारखे समुद्री जीव आणि मध चालतात, म्हणून प्रत्येक पदार्थाची चौकशी करावी. फेटा चीजसाठी पारंपरिक पद्धतीत कोकराच्या जठरातील द्रव्य वापरतात. ‘होरीस क्रेमीदी, होरीस स्कोर्दो’ म्हणजे कांदा नको, लसूण नको, एवढे शब्द पाठ असावेत. ऑलिव्ह तेल व लिंबू घातलेली उकडलेली पालेभाजी, ‘होर्ता’, हा सोयीचा पर्याय आहे. जूनमध्ये सूर्य पावणेनऊच्या सुमारास मावळतो, त्यामुळे दिवसभर फिरूनही चौविहार सहज पाळता येतो.

सायंकाळी बंदराच्या काठावर बसले की पाण्यात कप्तानांच्या घरांची प्रतिबिंबे हलताना दिसतात. घरे टिकली, गलबते गेली. आपल्या पेढीतील घर कोणते आणि गलबत कोणते, याचा विचार करायला ही जागा चांगली आहे.