साच्याशिवाय घुमट : न्यू मेक्सिकोतली मातीची मशीद

गेल्या उन्हाळ्यात गावाहून चुलतभावाचा फोन आला. आजोबांच्या घराच्या मातीच्या भिंती खालून पोपडे सोडतायत, सिमेंटचं प्लास्टर करून टाकू, खर्च निम्मा निम्मा. मी लगेच 'हो' म्हणणार होतो. पण त्याच्या दोनच आठवडे आधी आम्ही न्यू मेक्सिकोत भटकून आलो होतो, आणि तिथे पाहिलेल्या एका इमारतीमुळे म्हटलं, जरा थांब.

सँटा फेहून उत्तरेला साधारण ५० मैलांवर अबिक्यू नावाचं खेडं आहे. बहुतेक पर्यटक तिथे चित्रकार जॉर्जिया ओकीफ यांचं घर बघायला जातात. चामा नदीपलीकडच्या पठारावर 'दार अल-इस्लाम' या संस्थेची मशीद आणि मदरसा आहे. भिंती मातीच्या आहेत, पण न्यू मेक्सिकोत त्याचं नवल नाही. नवल आहे ते वरच्या कमानींचं आणि घुमटांचं. तेही कच्च्या विटांचे, आणि रचताना त्यांना खालून लाकडी साच्याचा आधार दिलेला नव्हता!

आराखडा इजिप्तचे वास्तुरचनाकार हसन फथी यांचा. १९८० साली, वयाच्या ८०व्या वर्षी, ते दोन न्यूबियन गवंड्यांना घेऊन इथे आले आणि हे तंत्र त्यांनी इथल्या लोकांना करून दाखवलं.

माती कमजोर असते असं आपण सहज म्हणतो. पण कशात कमजोर? न्यू मेक्सिकोत मातीच्या बांधकामासाठी वेगळी नियमावली आहे. तिच्यानुसार कच्च्या विटेनं दर चौरस इंचाला सरासरी ३०० पौंड दाब सोसायला हवा. घरबांधणीतलं काँक्रीट ३००० तरी सोसतं, म्हणजे दहापट. मात्र १० फूट उंच भिंतीच्या तळाशी तिच्या स्वतःच्या वजनाचा दाब किती येतो, ते काढून बघा. घनफुटाला ११० पौंड धरले, तर चौरस इंचाला जेमतेम ८ पौंड! दाबाची चिंता नाहीच. माती हरते ती ताणापुढे. सपाट स्लॅब वाकतो तेव्हा त्याची खालची बाजू ताणली जाते. काँक्रीटमध्ये तो ताण सळई घेते, मातीत तो घ्यायला कुणीच नसतं. म्हणून मातीचं छत करायचं तर आकारच असा हवा की ताण निर्माणच होऊ नये.

हा आकार घरात बघता येतो. गळ्यातली साखळी दोन्ही टोकांना धरून लोंबकळू द्या. साखळीला दाब सोसताच येत नाही, त्यामुळे ती जो बाक घेते त्यात फक्त ताण असतो. तोच बाक उलटा केला की फक्त दाब उरतो. रॉबर्ट हूक यांनी १६७५ मध्ये हे सूत्र अक्षरांची उलथापालथ करून, कोड्याच्या रूपात छापलं होतं. (शोध आपल्या नावावर राहावा, पण इतरांना कळू नये, हा त्या काळचा उद्योग!) न्यूबियन गवंडी मात्र हा बाक शेवटच्या भिंतीवर नुसत्या नजरेनं आखतात.

पण कमान पूर्ण होईपर्यंत विटा पडत का नाहीत? युरोपात खाली लाकडी साचा ठेवत. इजिप्तमध्ये लाकूड कुठलं? न्यूबियन युक्ती अशी : विटांची पहिली फेरी उभी न रचता मागच्या भिंतीवर रेलून, तिरकी रचायची. पुढची फेरी पहिलीच्या अंगावर रेलते. विटा पातळ, जास्त काड घालून हलक्या केलेल्या, आणि अंगावर बोटांनी ओढलेल्या खाचांच्या. कोरडी वीट ओल्या गाऱ्यातलं पाणी शोषून घेते आणि क्षणात चिकटते. फेरी पूर्ण झाली की ती स्वतःच एक कमान असते.

फथींनाही हे आधी ठाऊक नव्हतं. दुसऱ्या महायुद्धात लाकूड आणि पोलाद मिळेना, तेव्हा त्यांनी साच्याशिवाय कमानी करून पाहिल्या आणि त्या कोसळल्या. न्यूबियात अशी छतं अजून होतात हे भावाकडून कळल्यावर १९४१ मध्ये ते अस्वानला गेले. लक्सरजवळ रामेसियमच्या आवारात अशाच कच्च्या विटांची कोठारं आहेत. वय सुमारे ३२०० वर्षं, आणि काही कमानी अजून उभ्या आहेत.

कच्च्या विटेला इथे 'अडोबी' म्हणतात. हा शब्द प्राचीन इजिप्शियनमधून कॉप्टिकमध्ये, तिथून अरबी 'अत्-तूब', मग स्पॅनिश आणि स्पॅनिशांबरोबर न्यू मेक्सिकोत आला. त्याआधीही ताओससारख्या इथल्या मूळ वस्त्यांमध्ये मातीचीच घरं होती. नवे होते ते साच्यातल्या विटा आणि हा शब्द. म्हणजे १९८० मध्ये न्यूबियन गवंडी ज्या राज्यात आले, तिथे त्यांच्या विटेचं नाव काही शतकं आधीच पोचलं होतं.

आता उष्णता. वाळवंटात दुपार भाजते आणि रात्र गारठते. मातीची भिंत उष्णता अडवत नाही, ती तिला उशीर करते. दिवसाची उष्णतेची लाट १० इंच भिंतीतून आत पोचायला साधारण ९ तास लागतात (घनता आणि उष्णतावहन यांच्या नेहमीच्या आकड्यांवरून मी केलेला हिशोब), आणि पोचेपर्यंत तिचा जोर एक दशांशाच्या आसपास उरतो. पण दिवस-रात्र सारखंच गोठलेलं असतं तिथे या उशिराचा उपयोग नाही. मिनेसोटात मातीच्या भिंतीला वेगळं उष्णतारोधक आवरण लागेल, हे मातीच्या भक्तांनी मान्य करायला हवं.

जगाच्या कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनापैकी ७-८ टक्के सिमेंटमुळे होतं. भट्टीच्या इंधनातून होतं, तसंच चुनखडी तापली की तिच्यातूनच हा वायू सुटतो. कच्ची वीट उन्हात वाळते. मग सगळीकडे मातीच का नाही? कारण माती फुकट असली तरी हात फुकट नाहीत, अमेरिकेत तर नाहीतच. अबिक्यूला खरं तर अख्खं गाव वसायचं होतं, पण ते काही पुरं झालं नाही.

आणि शेवटी पाणी. अबिक्यूहून ताओसजवळच्या रँचोस दे ताओसला गेलो. तिथलं सान फ्रान्सिस्को दे असीस चर्च १९व्या शतकाच्या सुरुवातीचं, जाड मातीच्या भिंतींचं. दरवर्षी लिंपण्याची कटकट नको म्हणून १९६७ मध्ये त्याला सिमेंटचं प्लास्टर केलं. प्लास्टरला बारीक तडे गेले, पाणी आत गेलं, पण बाहेर पडायला वाट राहिली नाही. सिमेंटच्या आड भिंत भिजून खचू लागली. १९७९ मध्ये ते प्लास्टर काढून पुन्हा मातीचं लिंपण केलं. आता दरवर्षी उन्हाळ्यात गावकरी जमून चर्च लिंपतात. मातीचा थर वाहून जातो तो भिंतीऐवजी, त्याचं कामच ते आहे.

हे सगळं चुलतभावाला सांगितलं. गावाकडच्या भिंती पांढरीच्या मातीच्या. शेतातली काळी भिजली की फुगते, वाळली की भेगाळते, म्हणून जुन्या लोकांनी ती घराला कधी वापरली नाही. पोपडे खालच्या दोन फुटांतच आहेत. मागच्या वर्षी अंगणात फरशी घातली, तेव्हापासून पागोळ्यांचं पाणी उडून थेट भिंतीवर येतंय. त्याला म्हटलं, आधी भिंतीलगतची फरशी हातभर काढ, पन्हळ लाव, मग माती आणि चुन्याचं लिंपण कर. तो म्हणाला, "दादा, सगळं खरं, पण लिंपणार कोण? भिंती पोतारणाऱ्या बायका आता राहिल्यात कुठं?"

त्यानं फरशी काढली आहे. लिंपणासाठी शेजारच्या गावातल्या एक आजी तयार झाल्या आहेत, पण त्यांची अट आहे की हाताखाली शिकायला दोन तरुण पोरं हवीत. डिसेंबरात मी आणि माझी मुलगी जातोय.