डिझेल पिकअपची चढी रिकामी गती : निदानाची उपपत्ती आणि क्रम

वाहन उभे असताना व प्रवेगकावर पाय नसताना एंजिन ज्या किमान फेऱ्यांवर स्थिर राहते, त्यास त्याची रिकामी गती म्हणतात. डिझेल पिकअपमध्ये, एंजिन तापल्यानंतर, ती बहुधा मिनिटास ७०० ते ९०० फेरे इतकी असते. हीच गती ११०० किंवा १५०० वर जाऊन राहिली, की कारागिरांच्या बोलीत ‘रेस चढली’ असे म्हटले जाते. दोष वरकरणी क्षुल्लक भासतो. परंतु त्यामुळे इंधन वाया जाते, पहिला गिअर टाकताना क्लचवर ताण येतो, आणि क्वचित प्रसंगी तो एंजिनाच्या संपूर्ण विनाशाची पूर्वसूचनाही असतो. यांपैकी कोणता प्रकार आहे हे ओळखण्याची पद्धत येथे विशद करावयाची आहे.

या विवेचनास नालासोपारा परिसर विशेष अनुकूल आहे. पश्चिमेस गास, निर्मळ, कळंब ही बागायतीची गावे; पूर्वेस धानीव-पेल्हार भागातील लघुउद्योग आणि राष्ट्रीय महामार्ग ४८. भाजीपाला, फुले आणि कारखान्यांतील माल यांची ने-आण बव्हंशी पिकअपवर चालते. पहाटे गाडी निघाली नाही, तर तोडलेला माल त्या दिवशी बाजारास मुकतो. साहजिकच दुरुस्ती घाईने होते, आणि घाईत जो भाग प्रथम संशयात येतो तो बदलला जातो. येथे एकाच कार्यशाळेत यांत्रिक पंपाच्या जुन्या गाड्या आणि १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या बीएस-६ मानकाच्या इलेक्ट्रॉनिक गाड्या शेजारी शेजारी येतात. दोहोंत लक्षण एकच; कारणपरंपरा मात्र सर्वस्वी भिन्न.

प्रथम मूलतत्त्व पाहू जाता, पेट्रोल एंजिनाच्या अनुभवावरून येणारा एक भ्रम दूर केला पाहिजे. पेट्रोल एंजिनात शक्तीचे नियमन हवा अडवून केले जाते. म्हणून शोषनळीस भोक पडून अधिक हवा शिरली, की रिकामी गती वाढू शकते. डिझेल एंजिन हवा सहसा अडवीत नाही. सिलिंडरात हवा नेहमीच विपुल असते आणि नियमन होते ते केवळ इंधनाच्या मात्रेचे. पूर्ण ज्वलनास हवा व इंधन यांचे वजनी प्रमाण सुमारे १४.५ : १ पुरते, रिकाम्या गतीस ते ५० : १ च्याही पुढे जाते. अशा स्थितीत आणखी हवा मिळाल्याने शक्ती वाढत नाही. तात्पर्य, डिझेल एंजिनाची गती वाढली असेल, तर इंधन वाढले आहे, अथवा तेवढ्याच इंधनावरील भार घटला आहे. आणि स्थिर चढी गती बहुधा पहिल्या कारणानेच संभवते. यास एक अपवाद आहे. काही जुन्या एंजिनांत शोषनळीतील निर्वातावर चालणारा गतिनियंता असे. त्याची नळी वा पडदा फाटल्यास इंधनाचा दांडा अधिक मात्रेकडे सरके. तथापि तेथेही गती वाढे ती अखेर इंधनामुळेच.

ठरीव मात्रेने इंधन देऊन डिझेल एंजिन रिकाम्या गतीस स्थिर ठेवता येत नाही. भारात किंचित फरक पडताच ते मंदावून बंद पडेल किंवा वेग घेऊ लागेल. म्हणून त्यास गतिनियंता अपरिहार्य असतो. जेम्स वॅट याने १७८८ मध्ये वाफेच्या एंजिनास जोडलेली फिरत्या गोळ्यांची रचना, आणि अशा रचनांच्या स्थैर्याचे मॅक्सवेल याने १८६८ मध्ये केलेले गणिती विवेचन, ही या विषयाची पूर्वपीठिका होय. यांत्रिक पंपात हे कार्य फिरती वजने व स्प्रिंग करतात. इलेक्ट्रॉनिक एंजिनात ते संगणक करतो. दोन्हींत एक अपेक्षित गती असते व एक प्रत्यक्ष गती.

येथेच निदानाची गुरुकिल्ली आहे. चढी गती दिसताच विचारावयाचा प्रश्न एकच : एंजिनास अधिक गतीची आज्ञा मिळत आहे, की आज्ञा नसताना ते धावत आहे?

यांत्रिक पंपाच्या गाडीत, एंजिन पूर्ण तापवून व वातानुकूलन बंद करून, प्रवेगकाची केबल पंपाच्या दांड्यापासून सोडवावी. गती उतरली, तर दोष पंपाबाहेर आहे : गंजलेली केबल, तुटलेली परत ओढणारी स्प्रिंग, किंवा पेडलखाली अडकलेली चटई. गती तशीच राहिली, तर किमान गतीचा स्क्रू फिरविला गेला आहे काय आणि थंड एंजिनासाठी असलेली गतिवर्धक योजना अडकली आहे काय, हे तपासावे. त्यानंतरच पंपाच्या अंतर्भागाकडे वळणे योग्य. खरे कारण न शोधता स्क्रू फिरवून गती उतरविणे म्हणजे तापमापक थंड पाण्यात बुडवून ताप उतरला असे मानणे होय.

इलेक्ट्रॉनिक एंजिनात तपासणी-यंत्रावर अपेक्षित गती, प्रत्यक्ष गती आणि इंधनाची मात्रा ही तीन मूल्ये एकत्र वाचावीत. अपेक्षित गतीच चढी असेल, तर संगणक आपले काम चोख करीत आहे. त्यास मिळणारी वार्ता तपासली पाहिजे. शीतक-तापमानाच्या संवेदकाचा रोध अनेक बनावटींत २० अंश सेल्सिअसला सुमारे २५०० ओहम व ८० अंशांस सुमारे ३०० ओहम असतो. जोडणी गंजून रोध वाढला, की तापलेले एंजिनही संगणकास थंड भासते आणि तो गती वाढवितो. प्रवेगकाच्या पेडलमध्ये दोन स्वतंत्र संकेत असतात. अनेक रचनांत एकाचे व्होल्टमान दुसऱ्याच्या दुप्पट ठेवलेले असते. हे नाते बिघडले, की संगणक पेडलवरील विश्वास काढून घेतो आणि गाडी कशीबशी घरी पोहोचावी म्हणून अनेकदा एक चढी, स्थिर गती धरून ठेवतो. पेडल दाबूनही गती बदलत नाही, ही त्याची खूण. बॅटरी उतरली असता, किंवा बीएस-६ गाडीत काजळीची गाळणी स्वतःस जाळून साफ करीत असता, गती चढते. हे दोष नव्हेत.

अपेक्षित गती योग्य असून प्रत्यक्ष गती चढी असेल, तर प्रकरण गंभीर आहे. संगणकाने इंधनाची मात्रा जवळजवळ शून्यावर आणूनही एंजिन धावत असेल, तर ते परके इंधन जाळीत आहे : टर्बोच्या झिजलेल्या सीलमधून किंवा क्रँककेसच्या वायुमार्गातून शोषनळीत येणारे वंगणतेल, अथवा गळक्या इंजेक्टरमधून झिरपणारे डिझेल. यांत्रिक पंपात हीच परीक्षा बंद करण्याचा दांडा ओढून होते. एंजिन तत्काळ थांबले नाही, तर तेलाचा संशय दृढ होतो. निळसर धूर व टर्बोच्या नळीत साचलेले तेल ही त्याची साक्ष. अशा एंजिनावर कोणाचेच नियंत्रण उरत नाही. हवा विपुल असल्याने तेल मिळेल तोवर वेग वाढत जाऊन ते फुटू शकते. तेव्हा इंधन तोडणे व्यर्थ. सपाट फळीने शोषमार्ग बंद करावा, हात कदापि लावू नये. किंवा ब्रेक पूर्ण दाबून वरच्या गिअरमध्ये क्लच सोडावा.

नालासोपाऱ्यात यास स्थानिक परिस्थितीची जोड मिळते. खारी हवा केबलींस व जोडण्यांस गंज चढविते. पाणी तुंबणे येथे अपरिचित नाही. जुलै २०१८ मध्ये नालासोपारा स्थानकाजवळ रूळ पाण्याखाली जाऊन रेल्वे वाहतूक खंडित झाली होती. पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीच्या जोडण्यांत हिरवट गंज पुष्कळदा आठवड्यांनी प्रकट होतो. म्हणून पावसाळ्यानंतर आलेल्या अशा गाडीचा पंप उतरविण्यापूर्वी जोडण्या उघडून पाहणे हाच अल्पव्ययाचा मार्ग ठरतो.

सारांश, चढी रिकामी गती हा एक रोग नसून तीन भिन्न अवस्थांचे समान लक्षण आहे : खरी आज्ञा, खोट्या वार्तेवरून दिलेली आज्ञा, आणि आज्ञेवाचून चाललेले एंजिन. पहिलीस दुरुस्ती नको, दुसरीस बहुधा एखादी जोडणी वा संवेदक पुरतो, तिसरीत एंजिन तत्काळ थांबविणे हीच पहिली दुरुस्ती. अपेक्षित व प्रत्यक्ष यांची तुलना केल्यावाचून हे तीन प्रकार वेगळे करता येत नाहीत.