तदमुर : पाणी, वाट आणि स्मृती

वाळवंटातील नगर पाण्यापाशी जन्मते आणि वाटेवर वाढते. सीरियातील तदमुर हे याचे ठळक उदाहरण होय. पाश्चात्त्य जग त्याला पाल्मिरा म्हणते. दमास्कसच्या ईशान्येस सुमारे २१५ किलोमीटरांवर, भूमध्य समुद्र आणि फरात नदी यांच्या दरम्यान हे मरूद्यान वसले आहे. एफ्का नावाच्या गंधकयुक्त झऱ्यावर येथील खजूर, ऑलिव्ह व डाळिंबाच्या बागा पोसल्या गेल्या. उंटांचे तांडे येथे विसावत, जकात भरत आणि मार्गस्थ होत. येथील व्यापाऱ्यांचा संबंध सिंधूच्या मुखापर्यंत पोहोचल्याच्या खुणा दुसऱ्या शतकातील शिलालेखांत आढळतात. तेव्हा हे नगर आपल्याला सर्वस्वी परके नाही.

इ. स. २७२ मध्ये रोमन सम्राट ऑरेलियनने राणी झेनोबियाचा पाडाव केला आणि नगराचे वैभव मावळले. उत्तरकाळात बेल देवतेच्या मंदिराच्या आवारातच गाव नांदत होते. फ्रेंच अमलात, १९३० च्या सुमारास, ते शेजारी हलविण्यात आले. तेच आजचे तदमुर. २००४ च्या जनगणनेत तेथे सुमारे ५१ हजार लोक होते.

१९८० साली युनेस्कोने येथील अवशेषांना जागतिक वारशाचा मान दिला. त्याच वर्षी २७ जून रोजी गावातील तुरुंगात शेकडो कैद्यांची कत्तल झाली. स्तंभ जगाने पाहिले. भिंतीआडचे आक्रोश मात्र फार थोड्यांनी ऐकले.

होम्सहून देर एझ्-झोरकडे जाणारा रस्ता आणि आसपासची वायुक्षेत्रे यांमुळे यादवी युद्धात या गावाला विलक्षण महत्त्व आले. मे २०१५ मध्ये 'इस्लामिक स्टेट'ने ते जिंकले आणि ऑगस्टमध्ये बालशमिन व बेल यांची मंदिरे सुरुंगांनी उडविली. मार्च २०१६ मध्ये सरकारी सैन्याने रशियाच्या साह्याने गाव परत घेतले, डिसेंबरात गमावले आणि मार्च २०१७ मध्ये पुन्हा मिळविले. ८ डिसेंबर २०२४ रोजी असद राजवट कोसळल्यावर काही कुटुंबे परतू लागली. त्यांच्या वाट्याला पडकी घरे आणि जमिनीत पेरलेले सुरुंग आले.

या साऱ्यात एक नाव विसरता येत नाही. खालिद अल्-असद हे १९६३ ते २००३ अशी चाळीस वर्षे येथील पुरातत्त्व खात्याचे प्रमुख होते. ऐंशी ओलांडलेल्या या विद्वानाने गाव सोडले नाही. १८ ऑगस्ट २०१५ रोजी त्यांचा शिरच्छेद करण्यात आला. दगड पुन्हा रचता येतील. पण दगडांवरची लिपी वाचणारा माणूस घडविण्यास एक आयुष्य लागते. एका शिक्षकाच्या स्मृतीसाठी जमलेल्या आपणांस हे निराळे सांगावयास नको.