'सावाँ' : एका विद्वानवाचक फ्रेंच शब्दाची व्युत्पत्ती व अर्थांतरे

विद्वान या अर्थाचा 'सावाँ' हा फ्रेंच शब्द अठराव्या शतकात इंग्रजीत स्थिरावला. तेथे त्याचा उच्चार 'सॅव्हंट' असा होतो. 'सावॉर' म्हणजे जाणणे या क्रियापदाचे ते जुने कृदन्त रूप होय. संस्कृतातील 'विद्वान' हाही 'विद्' म्हणजे जाणणे या धातूपासूनच सिद्ध झाला आहे. परंतु 'सावॉर'च्या मुळाशी असलेल्या 'सापेरे' या लॅटिन धातूचा अर्थ आधी 'चव घेणे' आणि मग 'शहाणे असणे' असा आहे. 'होमो सेपियन्स' या संज्ञेतही हाच धातू आढळतो. पुढे पंडितांनी हा शब्द 'स्कीरे' या निराळ्याच धातूपासून आला असे मानून त्याच्या लेखनात एक अनुच्चारित 'सी' घातला. ५ जानेवारी १६६५ रोजी पॅरिस येथे सुरू झालेल्या 'झुर्नाल दे सावाँ' या आद्य विद्वत्पत्रिकेच्या नावातच ही चूक छापली गेली. विद्वानांच्या नावात व्युत्पत्तीची चूक असावी, हे मौजेचे खरे.

आदरासोबत उपहासही या शब्दाला लवकरच चिकटला. मोलिएरने १६७२ मध्ये 'ले फाम सावाँत' या नाटकात विद्वत्तेचा आव आणणाऱ्या स्त्रियांची थट्टा केली. १७९८ च्या इजिप्त मोहिमेत नेपोलियनने गणितज्ञ मोंझ व फूरिये यांच्यासह दीडशेहून अधिक 'सावाँ' सोबत नेले. त्यांच्या श्रमांतून १८०९ पासून 'देस्क्रिप्सियाँ द लेझीप्त' हा महाग्रंथ प्रसिद्ध होऊ लागला. सैनिक मात्र गाढवांनाच 'सावाँ' म्हणत, अशी आख्यायिका आहे. फ्रेंचमध्ये कसरती शिकवलेल्या कुत्र्यालाही 'शियाँ सावाँ' म्हणतात.

सर्वांत गंभीर अर्थांतर वैद्यकात घडले. १८८७ मध्ये लंडनच्या व्याख्यानांत जॉन लँगडन डाऊन यांनी बौद्धिक मर्यादा असूनही स्मरण, गणन वा संगीत यांत असामान्य गती असलेल्या रुग्णांसाठी 'इडियट सावाँ' अशी संज्ञा वापरली. 'इडियट' हा त्या काळी वैद्यकीय वर्गीकरणातील शब्द होता. नंतर तो अपमानास्पद ठरून 'सॅव्हंट सिंड्रोम' ही संज्ञा रूढ झाली. स्वमग्नतेशी तिचा निकटचा संबंध असला तरी दोन्ही एक नव्हेत. 'रेन मॅन' (१९८८) या चित्रपटामागील प्रेरणा असलेले किम पीक (१९५१-२००९) यांच्या मेंदूची रचना जन्मतःच वेगळी होती. ते स्वमग्न नव्हते, असे नंतरच्या अभ्यासकांचे मत आहे.

त्यामुळे मराठी अनुवादकाला संदर्भ पाहणे भाग पडते. अठराव्या शतकातील मजकुरात 'विद्वान' हा प्रतिशब्द चालतो. आजच्या मानसशास्त्रीय लेखनात तोच योजल्यास विलक्षण क्षमतेइतकीच त्या व्यक्तीची आधाराची गरजही वाचकाच्या नजरेआड होते.