रडा, पण एकट्याने नको

लोअर परळच्या वस्तीत घरभेटीला गेलो की, माणूस गमावलेली बाई म्हणते, "रडून काय होणार, ताई?" आम्ही सांगतो, रडा. जवळच्याच परळच्या बीआयटी चाळीत राहत असताना, जुलै १९२६ मध्ये बाबासाहेब-रमाईंचा राजरत्न गेला. त्याआधी तीन लेकरं गेली होती. बाबासाहेबही खचले, त्यांनी दुःख मित्राला पत्रातून कळवलं. आठ महिन्यांनी ते लोकांसोबत महाडच्या चवदार तळ्यावर होते.

म्हणून एकटे बसू नका. विहारात वंदनेला या, शेजारणीशी बोला, वेळेवर जेवा. हसू आलं तर अपराधी वाटून घेऊ नका. दोन आठवडे झोप-भूक उडाली तर केईएमच्या मानसोपचार विभागात दाखवा. जगणं नकोसं वाटलं तर थांबू नका. लगेच घरच्यांना सांगा, टेलिमानसच्या १४४१६ वर फोन करा. सेवा मोफत, चोवीस तास.

जयभीम!