पिलाच्या परिचयाची मुदत

कुत्र्याचे पिल्लू घरी आणणारा गृहस्थ त्याच्या दूधभाकरीचा, निजण्याच्या जागेचा आणि लसींचा बंदोबस्त मोठ्या दक्षतेने करतो. परंतु ज्यावर त्या प्राण्याचे तहहयात सुख अवलंबून असते, तो माणसांशी व जगाशी निर्भय परिचय मात्र कालांतराने आपोआप घडेल, असे तो गृहीत धरतो. निसर्गाने या परिचयाला मुदत घालून दिलेली आहे, आणि ती फार थोडी आहे.

अमेरिकेतील मेन राज्यात, बार हार्बर येथील जॅक्सन प्रयोगशाळेत, फ्रीडमन, किंग व एलियट या संशोधकांनी काही पिल्ले उंच कुंपणाच्या मैदानात आईसह अशा रीतीने वाढवली, की अन्नपाणी देणाऱ्या माणसाशीही त्यांचा संबंध येऊ नये. मग निरनिराळ्या वयांच्या पिलांना एकेक आठवडा बाहेर काढून माणसाच्या सहवासात ठेवले. १९६१ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा, की ५ ते ९ आठवड्यांच्या वयात ज्यांना हा अल्प सहवास लाभला ती माणसाळली. ज्यांना १४ आठवड्यांपर्यंत तो मुळीच लाभला नाही, ती मात्र श्वापदासारखी बुजरी राहिली.

याचे कारण असे, की साधारण दोन आठवड्यांनी डोळे उघडल्यावर आणि तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास कान कार्यक्षम झाल्यावर पिलाचे कुतूहल प्रबळ असते, परंतु अपरिचिताचे भय दिवसेंदिवस वाढत जाऊन १२ ते १४ आठवड्यांच्या सुमारास ते कुतूहलावर मात करते.

म्हणून पिलाला ८ आठवड्यांपूर्वी आईपासून तोडू नये, कारण दात किती जोराने लावावेत याची मर्यादा ते भावंडांच्या झोंबाझोंबीतच शिकते. घरी आल्यावर रोज थोडा वेळ त्याचे पंजे, कान व तोंड हळुवारपणे हाताळावे, म्हणजे पुढे डॉक्टरांचा हात त्याला परका वाटणार नाही. काठी टेकणारे आजोबा, धावणारी मुले, हेल्मेट घातलेला टपालवाला, कुकरची शिट्टी, रिक्षांचा गलबला, या सर्वांची ओळख खाऊच्या संगतीने करून द्यावी. पिल्लू मागे सरले, तर जबरदस्ती न करता अंतर वाढवावे.

लसी पूर्ण होईपर्यंत पिल्लू कोंडून ठेवण्याचा सल्ला पार्व्होसारख्या घातक रोगाच्या भीतीतून दिला जातो, आणि ती भीती खरी आहे. परंतु लसींचा क्रम सुमारे १६ आठवड्यांपर्यंत चालत असल्याने तोवर परिचयाची मुदत टळून जाते. यावर उपाय आहे: पहिल्या लसीनंतर आठवडाभराने, पशुवैद्याच्या सल्ल्याने, पिलाला कडेवर घेऊन जग दाखवावे आणि लसीकरण झालेल्या निरोगी कुत्र्यांशीच खेळू द्यावे, भटक्या कुत्र्यांच्या वर्दळीची जमीन मात्र टाळावी.

वय वाढलेल्या भित्र्या कुत्र्याला चिकाटीने पुष्कळ धीर देता येतो, हे खरे. तरी जे काही आठवड्यांत सहज साधले असते, त्यासाठी मग वर्षे खर्ची पडतात. चावरा म्हणून हाकलून दिलेल्या कित्येक कुत्र्यांच्या अपराधामागे धन्याची हीच कसूर असते. आणि ज्या जीवाला आपण स्वेच्छेने आपल्या घरात घेतले, त्याला त्या घरात निर्भयपणे नांदता येईल असे करणे हे धन्याचे पहिले कर्तव्य आहे.